जोरकस तांबड्या वाइनची निवड

प्रश्न : द्राक्षांच्या जिल्ह्यात राहूनही जोरकस तांबडी वाइन कोणत्या जातीची घ्यावी, हे उमगत नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी विकसित केलेल्या 'सोनाका'सारख्या गोड, बिनबियांच्या द्राक्षांवर ज्यांची रुची पोसली गेली, त्यांस वाइनचे द्राक्ष प्रथमदर्शनी क्षुद्रच वाटावे, कारण ते लहान, जाड सालीचे व बियांचे असते, परंतु तांबड्या वाइनचा वर्ण, आणि जीभ आकसविणारा जो तुरटपणा टॅनिन या नावाने ओळखला जातो तो, मुख्यत्वे त्या सालीतून व बियांतूनच, रस त्यांच्यासह आंबत असता, उतरतो.

या गुणात अग्रगण्य जात म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यों. तिचा जन्म कॅबर्ने फ्रांक व सोव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून झाला. शिराझ तितकीच भारदस्त, मात्र तिला मिऱ्याचा गंध असतो, आणि आपल्याकडील काळ्या मसाल्याच्या मटणाशी तिचे विशेष जुळते, असा माझा अनुभव आहे. सांजोव्हेझे ही इटलीची जात अधिक आम्लयुक्त. आपल्याच माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात, इटालियन व भारतीय बंधूंच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या 'फ्रातेल्ली'च्या 'सेत्ते' या वाइनमध्ये सांजोव्हेझे व कॅबर्ने यांचा मिलाफ आढळतो.

नवशिक्याने प्रारंभ शिराझपासून करावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवून, सुमारे 16 ते 18 अंश तापमानासच प्याल्यात ओतावी.