मुदत टळली की जुनी करप्रणालीही गेली

प्राप्तिकर रिटर्नची मुदत चुकली तर खरा फटका विलंब शुल्काचा नसतो. ते ठरलेले आहे: एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये, त्यापुढे ५,०००. चिकलठाणा एमआयडीसीतल्या पगारदाराला महागात पडते ते वेगळेच. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच ती निवडावी लागते. वर्षाच्या सुरुवातीला कंपनीला जुनी प्रणाली कळवली, टीडीएसही तसाच धरला गेला, एवढ्याने भागत नाही.

२०२४-२५ चे गणित पाहावे. पगार ९ लाख, गृहकर्जाचे व्याज २ लाख, पीएफ-विमा धरून ८०सीचे दीड लाख. प्रमाणित वजावटीचे ५०,००० आणि व्यवसाय कराचे २,५०० गेले की ४,९७,५०० उरतात. सवलतीनंतर कर शून्य. हेच रिटर्न एक दिवस उशिरा गेले तर फक्त ७५,००० वजा होतात आणि उपकरासह ३३,८०० रुपये कर निघतो. शुल्काचे ५,००० वेगळे, व्याज वेगळे. घराचा हप्ता भरणाऱ्याला हा भुर्दंड जड जातो.

तरी ‘तारीख वाढतेच’ हा कँटीनमधला भरवसा सुटत नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये ३१ जुलै पुढे सरकली नाही. २०२५ मध्ये फॉर्म बदलल्याने १५ सप्टेंबर मिळाली, आणि नंतर जेमतेम एक दिवस.

दुसरी अडचण नोकरी बदलणाऱ्यांची. चिकलठाण्याहून वाळूजला किंवा शेंद्र्याला गेलेल्याने आधीचा पगार नव्या कंपनीला कळवला नाही, तर करमुक्त टप्पा दोन्हीकडे धरला जातो. दोन्ही फॉर्म १६ एकत्र केले की कर अंगावर येतो. हा फॉर्म १५ जूनपर्यंत मिळायला हवा. जुन्या कंपनीच्या एचआरमागे आधीपासून लागलेले बरे.

अपलोड केलेले रिटर्न ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावे लागते. आधारला जोडलेले सिम बंद असेल तर ओटीपी येत नाही आणि काम तिथेच अडते. ३० दिवसांनंतर पडताळणी झाली, तर तोच दिवस रिटर्न भरल्याचा धरतात.

उशिराचे रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. त्यानंतर अद्ययावत रिटर्न आहे. २०२५ च्या बदलाने त्याची मुदत कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४ वर्षे झाली. जादा कर मात्र २५ ते ७० टक्के, आणि रिफंड मागण्यासाठी किंवा कर कमी करण्यासाठी ते चालत नाही.

२०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत, पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही. शेअर विक्रीच्या विशेष दराच्या नफ्याला ही सवलत नाही, आणि कर शून्य असला तरी ४ लाखांवर उत्पन्न असल्यास रिटर्न भरावेच लागते. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागतो.