सवलतीचें गणित



गेल्या वर्षीं इयत्ता ८ वीच्या वर्गांत सूट व कमिशन हा धडा चालला असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, मोबाइलवरच्या दुकानांत पन्नास पन्नास, साठ साठ टक्के सूट देतात. मग त्या दुकानदारांचें दिवाळें कसें निघत नाहीं?" वर्ग हंसला, मीहि हंसलों. परंतु समाधानकारक उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. तें उत्तर पुढें मला माझ्या घरींच मिळालें. आपणां सर्वांच्या व आपल्या पालकांच्या उपयोगीं पडेल म्हणून तें येथें देत आहें.

दिवाळी तोंडावर आली असतां आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. पनवेलच्या बाजारांत नेऊनहि तो दुरुस्त होईना, तेव्हां नवा घेण्याचें ठरलें. मोबाइलवरील एका दुकानांत ६,००० रुपयांचा आंकडा खोडून शेजारीं २,९९९ रुपये असें ठळक लिहिलें होतें, आणि सवलत संपण्यास दोनच तास उरले असें सांगणारें घड्याळ क्षणाक्षणाला उतरत होतें. मी घाईनें पैसे भरणार, तोंच माझी कन्या म्हणाली, "बाबा, जरा थांबा. या मिक्सरची मागची किंमत आधीं पाहूं." तिनें त्या वस्तूच्या किंमतीचा आलेख काढून दाखविला. ऑगस्टमध्यें तोच मिक्सर २,६५० रुपयांस मिळत होता. दिवाळीच्या आधीं तो ३,४०० वर चढला, आणि मग 'सवलतीनें' २,९९९ वर आला होता.

आतां हें उदाहरण सोडवा. दुकानाच्या हिशेबानें ६,००० वजा २,९९९, म्हणजे ३,००१ रुपयांची, सुमारें ५० टक्के बचत. आलेखाच्या हिशेबानें २,९९९ वजा २,६५०, म्हणजे ३४९ रुपये, सुमारें १३ टक्के जास्त. दोन्ही ठिकाणीं वजाबाकी बरोबर आहे. फरक आहे तो मूळ रकमेंत. म्हणून टक्केवारी ऐकतांच पहिला प्रश्न विचारावा, तो हा: टक्के कशाचे? मूळ रक्कम विकणाऱ्यानेंच ठरविली, तर तिच्यावरील सूटहि त्यानेंच ठरविलेली असते. मग त्याचें दिवाळें निघावें कशानें?

वेष्टनावर छापलेली किंमत हा पुष्कळांस मोठा आधार वाटतो. परंतु वेष्टित वस्तूंसंबंधींच्या २०११ च्या नियमांप्रमाणें ती सर्व करांसह जास्तींत जास्त किंमत होय. तिच्याहून अधिक घेतां येत नाहीं; कमी घेण्यास आडकाठी नाहीं. वस्तु नेहमीं त्याच भावानें विकली जाते, असें ती मुळींच सांगत नाहीं. ६ ऑक्टोबर २०१४ रोजीं फ्लिपकार्टनें 'बिग बिलियन डे' नांवाची मोठी विक्री केली, तेव्हां ग्राहकांचा इतका रोष झाला कीं संस्थापकांनीं दुसऱ्याच दिवशीं क्षमापत्र पाठविलें. विक्रीच्या आधीं कांहीं दिवस कित्येक वस्तूंच्या किंमती विनासवलतीच्या दरावर नेल्या गेल्या असाव्यात, हें त्यांनीं त्या पत्रांत मान्य केलें.

किंमतीचा मागोवा ठेवणाऱ्या सेवा येथेंच उपयोगीं पडतात. कीपा ही सेवा अॅमेझॉनवरील वस्तूंचा, तर बायहटके ही भारतीय सेवा निरनिराळ्या दुकानांतील वस्तूंचा इतिहास दाखविते. त्यांचीं यंत्रें वेळोवेळीं दुकानाचें पान वाचून किंमत नोंदवितात. वस्तूच्या पानाचा दुवा तेथें दिला कीं आलेख पुढें येतो: आडव्या अक्षावर दिनांक, उभ्या अक्षावर रुपये. त्यांत सर्वांत कमी, सर्वांत अधिक व नेहमींची अशा तीन किंमती पाहाव्या. आपणांस परवडणारी किंमत नोंदवून ठेविली, तर भाव तेथवर उतरतांच सूचना येते.

ही युक्ति नवी नाहीं. माझी पत्नी गेलीं अठरा वर्षें तूरडाळ, तेल व साखर यांचे भाव महिन्यावार जमाखर्चाच्या वहींत लिहीत आली आहे. वाण्यानें भाव सांगितला कीं तिचें बोट मागील पानावर जातें. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें तर कुटुंबांचे संघ करून एकत्र घाऊक खरेदी चालविली. भाव जाणणें आणि घाई न करणें, हेंच या सर्वांचें मूळ.

कांहीं सावधगिरीहि हवी. आलेखांत बँकेच्या कार्डावरील सूट किंवा पोंचविण्याचा खर्च बहुधा नसतो. तो स्वतः मिळवावा. वस्तूचा नमुना व विक्रेता तोच आहे ना, हें पाहावें. अशा सेवांपैकीं पुष्कळांस आपल्या खरेदीवर दलाली मिळते, तेव्हां 'आतांच घ्या' हा त्यांचा सल्लाहि पारखून घ्यावा. गांवांतल्या दुकानींहि एकदां भाव विचारावा. बिघाड झाल्यास तेथें समोर माणूस भेटतो. आणि उतरत्या घड्याळास भिऊं नये. ग्राहकास फसविणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार सरकारनें २०२३ सालीं निषिद्ध ठरविले असून खोटी घाई लावणें हा त्यांपैकींच एक आहे. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे.

आम्हीं वाट पाहिली. तीन आठवड्यांनीं किंमत २,५८० वर आली व मिक्सर घरीं आला. "४१९ रुपये वाचले!" असें मी अभिमानानें म्हणालों. पत्नी शांतपणें म्हणाली, "अहो, वाचले खरे. पण हे तीन आठवडे पाट्यावर वाटण मीं वाटलें. ऐन दिवाळींतहि वाटलें. तें तुमच्या आलेखांत कोठें दिसतें?" वर्गांत एकदां निरुत्तर झालों होतों, तसाच घरींहि झालों.

तेव्हां मुलांनो, थांबल्यानें पैसे वाचतात. परंतु त्या थांबण्याचा भार कोणावर पडतो, हें त्या माणसास आधीं विचारावें. ज्या वस्तूवांचून कोणाचें अडत नाहीं, तिच्यासाठीं खुशाल थांबावें.

आतां सुटींतील अभ्यास. घरांत घ्यावयाची एखादी वस्तु निवडा. दर रविवारीं तिची किंमत वहींत लिहा. आठ रविवार झाल्यावर आलेख काढून आईवडिलांस दाखवा. नंतर जाहिरातींतील सूट त्या आलेखावरून पुन्हां काढा. उत्तर काय येतें, तें शाळा उघडल्यावर मला अवश्य सांगा.