शोभिवंत मासे वाढविण्यासाठी टाकी केवढी असावी?

कमी जागेत व अल्प भांडवलात करता येण्याजोग्या जोडधंद्यांमध्ये शोभिवंत मासे वाढविण्याचे नाव नेहमी घेतले जाते. पुणे-सातारा महामार्गावरील शिवरे (ता. भोर) यासारख्या गावांना तर पुण्याची बाजारपेठ जवळच आहे. मात्र या धंद्यात उतरणारे अनेक जण मासे आधी आणतात आणि टाकीचा विचार नंतर करतात. भांडवल बुडते ते येथेच. म्हणून आज आम्ही टाकीच्या मापाचा तेवढा विचार करणार आहोत.

मासा मोठा होतो

दुकानात सर्वच पिल्ले इंच-दीड इंचाची दिसतात. त्यांपैकी गप्पी पूर्ण वाढली तरी दोन इंचांच्या आसपास राहते. एंजल सुमारे सहा इंच लांब होतो व पंखांसह त्याहूनही उंच दिसतो. ऑस्कर एक फुटापर्यंत जातो. 'शार्क' म्हणून विकले जाणारे पंगस जातीचे पिल्लू तर तीन फुटांहून मोठे होऊ शकते. ते घरच्या टाकीसाठी घेऊच नये.

येथे एक हिशेब लक्षात ठेवावा. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन सुमारे आठपट होते. खाणे आणि घाण दोन्ही त्याच बेताने वाढतात. त्यामुळे दोन इंची सोळा मासे ज्या टाकीत सुखाने राहतात, तेथे चार इंची आठ मासे राहतीलच असे नाही. मासा टाकीपुरताच वाढतो, ही समजूतही चुकीची आहे. दाटीत व घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते, तो रोगट होतो आणि गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही.

उंचीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा

पाण्यात हवा मिसळते ती पृष्ठभागातून. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच टाकीत जेवढे पाणी मावते, तेवढेच १ फूट लांब, १ फूट रुंद व २ फूट उंच टाकीतही मावते. परंतु पहिलीचा पृष्ठभाग दुप्पट आहे. वीज जाऊन एअर पंप बंद पडला तर पहिल्या टाकीतील मासे अधिक वेळ तग धरतात.

पाणी जास्त असण्याचा आणखी एक फायदा आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. भोर भागात हिवाळ्याच्या रात्री गारठा असतो. लहान टाकी लवकर थंड होते, मोठी सावकाश. हीटर घेताना लिटरमागे सुमारे १ वॅट असा अंदाज धरावा.

हिशेब कसा करावा?

लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागावे, लिटर मिळतात. समजा, एंजलची पिल्ले वाढवायची आहेत. ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी घेतली आणि वर दोन इंच मोकळे सोडले, तर सुमारे १६० लिटर पाणी बसते. नाण्याएवढ्या पिल्लामागे ४ लिटर धरले तर ४० पिल्ले झाली. एंजलची एक जोडी एका वेळी काही शे अंडी घालते. म्हणजे २०० पिल्ले विक्रीयोग्य करायची तर ८०० लिटर पाणी हवे. एवढ्यासाठी काचेऐवजी सिमेंटची टाकी स्वस्त पडते. काचेची टाकी अंडी, लहान पिल्ले व विक्रीचा माल दाखविण्यासाठी ठेवावी.

वजनही विसरू नये. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. वरील टाकी काचेसह २०० किलोच्या घरात जाते. तिच्यासाठी लोखंडी अँगलचा सपाट स्टँड व खाली थर्माकोल हवाच.

सुरुवात करण्यापूर्वी

नव्या टाकीत घाण पचविणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मोजकेच मासे सोडावेत व पाणी वरचेवर बदलावे. पुढे दर आठवड्याला किमान चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आदल्या दिवशी उघडे भरून ठेवावे.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्य युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटास ४० टक्के व महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. सध्या काय मिळते, याची चौकशी पुण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

आमचा सल्ला एवढाच की, पूर्ण वाढलेल्या माशाचे माप आधी कागदावर लिहावे, त्यावरून पाणी ठरवावे, पाण्यावरून टाकी ठरवावी आणि मासे सर्वांत शेवटी आणावेत. एका टाकीत चाळीस निरोगी मासे वाढविणारा नफ्यात राहतो. शंभर कोंबणाऱ्याला रोज मेलेले मासे काढावे लागतात.