घर, दुकान आणि बारा मीटरचा रस्ता

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर! पण विषय आपल्या पोटाचा आहे, म्हणून लिहायला घेतलं.

टाऊन प्लॅनिंगच्या सबमिशनसाठी आमच्या ग्रुपला कोथरूडमधला एक भाग मिळाला. काम सोपं वाटलं. नकाशा घेऊन फिरायचं आणि इमारती रंगवायच्या, घरं पिवळी आणि दुकानं निळी. पहिल्याच गल्लीत पेन्सिल अडली. खाली झेरॉक्स, मध्ये बारावीचे क्लासेस, वर आजी-आजोबा. आता रंग कुठला?

खरं तर पुण्याला हे नवीन नाही. पेठांतल्या वाड्यांत रस्त्याच्या अंगाला दुकान आणि आत बिऱ्हाडं असायचीच. राहणं एकीकडे, धंदा दुसरीकडे, ही झोनिंगची कल्पना नंतरची. अमेरिकेत १९२६ साली युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिला मान्यता दिली. पुढे १९६१ मध्ये जेन जेकब्ज या बाईंनी त्याच्या उलट मांडलं. रस्त्यावर दिवसभर वेगवेगळ्या कामांची माणसं असली, की त्यांची नजर असते आणि रस्ता सुरक्षित राहतो. योगायोग म्हणजे त्याच वर्षी जुलैत पानशेत फुटलं आणि पेठांतल्या पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या.

वस्ती बदलते ती तळमजल्यापासून. मुलं परदेशी गेली, घर मोठं पडलं, की खालची खोली भाड्याने जाते. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, म्हणून कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र निघतं. मग गाड्या येतात, मग भाडं वाढतं. जुनी सोसायटी पाडून नवी बांधताना बिल्डर मोठ्या रस्त्याकडे दुकानंच काढतो. २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. स्टेशनजवळ दुकानाला गिऱ्हाईक आपोआपच चालत येतं.

कायद्याचं बघाल तर १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा होतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत निवासी भागाचे दोन प्रकार केले. दाट जुनी वस्ती सोडली तर बारा मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर आर-१, बारा किंवा जास्त असेल तर आर-२. आर-१ मध्ये तिथेच राहणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना वगैरे चालतो. दुकानं-ऑफिसांना खरी मोकळीक आर-२ मध्ये. म्हणजे शेजाऱ्यांना काय हवं यापेक्षा टेप काय म्हणते याला महत्त्व!

आम्हीही टेप लावली. हॉस्टेलच्या मेसला कंटाळलेले आपले बरेच जण जिथे जेवतात, त्या काकूंच्या दारातला रस्ता नऊ मीटरच्या आसपास भरला. सोसायटीने त्यांना मेस बंद करण्याची नोटीस दिलीय. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना वाईट म्हणवत नाही. आपल्या बाइक्समुळे त्यांची स्कूटर निघत नाही, आणि फोडणीच्या वासाने त्यांना ठसका लागतो. (मीसुद्धा तिथेच तिरकी लावते, कबूल.)

काकूंनी विचारलं, "अगं, रस्ता मोजलास तो माझ्यासाठी, का माझ्याविरुद्ध?"

मला उत्तर देता आलं नाही. परवानगी आहे त्या मोठ्या रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं त्यांनी विचारून ठेवलं होतं. तेवढं भरायचं तर डब्याचे पैसे दुप्पट करावे लागतील, आणि मग आपण जेवायला जाणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. थोडक्यात, जिथे परवडतं तिथे चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे कॅफे आलाय. सर वर्गात मिक्स्ड यूज चांगला म्हणतात ते मला पटतं. पण कोणाचा यूज, हे आमच्या नकाशात कुठल्याच रंगात येत नाही.

शेवटी त्या तळमजल्याला पिवळा रंग देऊन वर निळ्या रेघा मारल्या. सरांनी दोन मार्क कापले. अंक छापायला जाईपर्यंत सोसायटीची मीटिंग झालेली नाही. काकूंनी मात्र पुढच्या महिन्याचे डबे लिहून घ्यायला सुरुवात केलीय.