दात पांढरे करण्याआधी

दात शुभ्र करणारी, शंभर रुपयांच्या आतली टूथपेस्ट आता गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळते. भाचीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा मी ती आणली. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कडक चहाची सवय जुनी, पुढचे दात पिवळसर. नळीवर लिहिल्याप्रमाणे सकाळ-रात्र घासायला लागले आणि सुरुवातीला फरक दिसलाही. खालच्या दातांच्या मागे साचलेला चहाचा तपकिरी थर उतरला, जिभेला दात गुळगुळीत लागू लागले. हे मुद्दाम सांगते, कारण या पेस्ट काहीच करत नाहीत असं म्हणणं खरं नाही.

पण रंग तेवढ्यावरच थांबला. लग्न होऊन गेलं, नळी संपली, दुसरी आणली. उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायलं तरी डाव्या सुळ्यातून सणक जायला लागली. सरबताचा घोट घेतला की दात आंबायचे. आरशात निरखून पाहिलं तर हिरडीलगत पिवळी कड आधीपेक्षा ठळक झालेली. ज्या पिवळेपणासाठी पेस्ट आणली, तोच तिथे वाढला होता.

दातांच्या डॉक्टरांनी त्या कडेला उपकरणाचं टोक नुसतं टेकवलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दाताचं वरचं आवरण म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून झिजला की पुन्हा तयार होत नाही. तो काहीसा पारदर्शक असतो. त्याच्या आत डेंटिन असतं आणि त्याचा मूळ रंगच पिवळसर. वयाबरोबर एनॅमल पातळ होतं, डेंटिन जाड होतं, आणि दात आतूनच पिवळा दिसू लागतो. हा पिवळेपणा मळ नव्हे. घासून तो जाणार नाही.

दात पांढरे करणाऱ्या बहुतेक पेस्ट वरचे डाग खरवडतात. त्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण वापरतात. काहींमध्ये निळं रंगद्रव्य असतं. पांढऱ्या कपड्यांना नीळ दिल्यासारखा त्याचा पातळ थर दातावर बसतो, पिवळी झाक झाकली जाते आणि काही वेळ दात उजळ भासतात. कण किती खरखरीत आहेत हे मोजायला आरडीए नावाचं माप आहे. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची कमाल मर्यादा २५० धरली आहे. पण हा आकडा नळीवर सहसा छापत नाहीत, त्यामुळे दुकानात उभं राहून आपल्याला काही कळत नाही. किमतीवरूनही कळत नाही.

धडधाकट एनॅमल हे कण बरंच सोसतं. माझ्या हिरड्या मात्र वर सरकून मुळं थोडी उघडी पडली होती, आणि मुळांवर एनॅमल नसतंच. तिथलं डेंटिन कितीतरी मऊ. त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांची तोंडं उघडी पडली की गार, आंबट, गोड सगळं थेट मज्जातंतूला जाणवतं. सणक यायची ती त्यामुळे, आणि दिसणारी पिवळी कड म्हणजे उघडं पडलेलं डेंटिन.

म्हणून पेस्ट घेण्याआधी आपला पिवळेपणा कोणत्या जातीचा आहे ते बघा. चहा, कॉफी, तंबाखू, पान, मिश्री यांचे डाग वरचे असतात. दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला साचलेलं कडक कीटण कोणत्याच पेस्टने निघत नाही, ते डॉक्टरच काढतात. काही माऊथवॉश, विशेषतः क्लोरहेक्सिडिनचे, बरेच दिवस वापरले तर त्यांचेही तपकिरी डाग पडतात. एकच दात काळपट झाला असेल तर आतली नस मेलेली असू शकते, तिथे थांबू नका.

फ्लोरोसिसचं वेगळं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसतात. दात हिरडीच्या आत घडत असतानाच हे होतं. अशा मुलांना ‘नीट घासत नाहीस’ म्हणून रागावलेलं मी पाहिलंय. मन दुखावण्यापलीकडे त्यातून काही होत नाही. त्या घरांना गरज आहे चांगल्या पाण्याची. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

घरगुती उपायांत लिंबू आणि खायचा सोडा दातांना लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लिंबाच्या आम्लाने एनॅमल मऊ पडतं, त्यावर लगेच ब्रश फिरवला की ते झिजतं. लिंबू लावू नकाच, आणि आंबट खाल्ल्या-प्यायल्यावरही अर्धा तास ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा. कोळशाच्या पेस्टची सध्या फार हवा आहे. आपल्याकडे राखुंडी पिढ्यान्पिढ्या वापरली गेली, म्हणून ही पेस्टही निर्धोक वाटते. कोळशाच्या पेस्ट सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या २०१७ च्या आढाव्यात म्हटलं आहे. शिवाय त्यातल्या अनेकींत फ्लोराइड नसतं, म्हणजे कीड रोखण्याचं मुख्य कामच राहून जातं. नळीवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा. आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा १००० आहे.

मी मऊ ब्रश घेतला, जोर न लावता घासायला शिकले, आणि डॉक्टरांनी दिलेली पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लावते. ती लगेच गुण देत नाही, काही आठवडे नेमाने वापरावी लागते. माझी सणक बरीच कमी झाली.

पेस्टवर खर्च करण्याआधी एकदा दात साफ करून घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत हे खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत होतं. कीटण निघाल्यावरच दाताचा खरा रंग दिसतो, आणि अनेकांना पुढे काही करायची गरजच वाटत नाही. तरीही आणखी पांढरे हवे असतील तर ब्लीचिंग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून रात्री वापरायची पद्धत १९८९ पासून प्रचलित आहे. युरोपीय संघात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं दात पांढरे करायचं उत्पादन २०१२ पासून दंतवैद्यामार्फतच मिळतं. आपणही तेवढी खबरदारी घ्यावी. कीड असेल तर ती आधी भरून घ्या, गरोदरपणात हा विषय पुढे ढकला. ब्लीचने कॅप किंवा सिमेंट भरलेला भाग पांढरा होत नाही, म्हणून पुढच्या दातावर कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीच, मग दोनेक आठवडे रंग स्थिर होऊ द्यायचा आणि त्यानंतर कॅपची छटा ठरवायची.