नडगीचे दुखणे : घाबरू नका, पण गाफीलही राहू नका



तोडणीनंतर पाचटाखाली उसाचे बुडखे दिसत नाहीत. एखादा नडगीला लागतो, खरचटते, थोडे रक्त येते. आपण म्हणतो, 'एवढ्याशानं काय होतंय!' जखम आठवड्यात सुकते. पण महिना झाला तरी नडगी दाबली की दुखतेच. मग शंकेची पाल चुकचुकते : आत पू तर नसेल? हाड तर कुजत नसेल? म्हणून आज आपण नडगीचा विचार करू.

पोटरीला मांस असते, नडगीच्या हाडापुढे मात्र कातडीखेरीज फारसे काही नाही. हाडावर पातळ आवरण असते. त्यात वेदना कळविणाऱ्या नसा पुष्कळ. मार नेमका तिथेच बसतो, रक्त साकळते, टेंगूळ येते. ते जिरायला कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. तेव्हा नुसते दुखते म्हणजे पू झाला, असे नव्हे.

मग ओळखायचे कसे? दुखणे उतरते आहे की चढते आहे, हे पाहावे. दर आठवड्याला थोडे उतरत असेल तर काळजी नको. परंतु पुढीलपैकी एकही खूण दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे :

१) लाली, सूज पसरणे. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी. लाली रेघेबाहेर गेली की थांबू नये.
२) जागा गरम लागणे, पू किंवा घाण वास येणे.
३) ताप, थंडी, जांघेत गाठ.
४) बसल्याजागी, रात्रीही वाढता ठणका.
५) पायावर भार न देता येणे.

मधुमेह असणाऱ्यांनी तर लहान जखमही आधीच दाखवावी. तीन-चार आठवड्यांत काहीच उतार नसेल, तर हाडाला चीर आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जखम होताच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. माती, शेण, तंबाखू, चुना, डिझेल काही लावू नये. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच असतात. मागचे इंजेक्शन होऊन ५ वर्षे झाली असतील किंवा आठवत नसेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. दुकानातून आपल्या मनाने कॅप्सूल घेऊ नयेत. मुका मार असेल तर पाय उंच ठेवावा, कापडात बर्फ गुंडाळून शेकावे, चोळू नये.

हा पाठ घरच्यांना आणि आपल्या फडातल्या तोडणी मजुरांनाही जरूर सांगा. पाय त्यांचाही तितकाच मोलाचा आहे.