रविवारची गोळी आणि रोजची गोळी

आमच्या घरात संधिवात आधी आला, कोलेस्टेरॉल मागून. हा संधिवात म्हणजे वयानं गुडघे झिजतात तो नव्हे, ऱ्हुमॅटॉइड. यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, बोटांची पेरं सुजतात आणि सकाळी चहाचं पातेलं उचलवत नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन पाहणी सुरू केली होती. तिच्यात हा आजार साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला निघाला. तेव्हा लक्ष्मी रोडच्या गर्दीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी असणार, त्यांच्यासाठी हे लिहिते. डोस मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारून.

१. कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा वाचू नये.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे लक्षात ठेवा. माझे सांधे पेटलेले होते तेव्हा माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कुणालाही हेवा वाटावा असं होतं. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट लागू पडलं, सूज उतरली, दाह मोजणारे ईएसआर आणि सीआरपी खाली आले आणि एलडीएल वर चढलं. शेजारच्या काकांनी लगेच निकाल दिला, "वहिनी, त्या जहाल गोळ्यांनीच वाढवलं तुमचं कोलेस्टेरॉल. बंद करा आधी."

प्रकार उलटा आहे. दाह जोरात असला की शरीर एलडीएल भराभर खर्च करतं, म्हणून रक्तात ते कमी दिसतं. रक्तवाहिन्यांची नासाडी मात्र त्या काळातच जास्त होते. दाह शमला की दडलेला आकडा वर येतो. टोसिलिझुमॅब, टोफासिटिनिब या नव्या औषधांवर असलेल्यांना हा चढ आणखी ठळक दिसतो. म्हणून लिपिड प्रोफाइल आजार शांत असताना करावं, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. त्यांचाच दुसरा सल्ला असा, की ज्या कोष्टकात संधिवात धरलेला नाही, त्यातून निघालेला हृदयविकाराचा धोका दीडनं गुणावा. मी वहीत एलडीएलच्या शेजारच्या रकान्यात सीआरपी लिहिते. त्याशिवाय तो आकडा कुणाला दाखवतही नाही.

२. "तुम्ही तर काडीसारख्या, तुम्हाला कसलं कोलेस्टेरॉल?"

हे मी समारंभांत इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती हसते. या आजारात दाहामुळे स्नायू झडतात आणि त्यांच्या जागी चरबी बसते. वजनकाट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

३. गुग्गुळाबद्दल.

सदाशिव पेठेत दोन्ही दुखण्यांवर एकच औषध सांगणारं माणूस हटकून भेटतं. आमच्याकडे ते काम मामेसासऱ्यांनी केलं. आमवातालाही गुग्गुळ, मेदालाही गुग्गुळ, मग इंग्रजी औषधांची थप्पी कशाला, असा त्यांचा सवाल. हा सवाल उडवून लावण्यासारखा नाही. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून गुग्गुळावर प्रबंध लिहिला. पुढे त्याच बाई भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काम पुढे गेलं आणि १९८०च्या दशकात गुग्गुलिपिड दुकानात मिळू लागलं. मग २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. माणसं १०३, पर्वतीच्या पायऱ्यांइतकी. मुदत आठ आठवडे. गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरायच्या ऐवजी थोडं चढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

मामांना मी एवढंच म्हटलं, "मामा, डॉक्टरांना दाखवून मग ठरवते." मेथोट्रेक्सेट यकृतातून आपली वसुली करतं, कोलेस्टेरॉलच्या गोळीचं, म्हणजे स्टॅटिनचंही कामाचं ठिकाण तेच. त्यात महायोगराज गुग्गुळासारख्या औषधात नागभस्म असतं, आणि नाग म्हणजे शिसं. वैद्यांवर विश्वास जरूर असावा, पण कोणती पुडी चालू आहे हे दोन्ही दवाखान्यांत कळलं पाहिजे. तेवढं सांगायला कसली लाज?

जाता जाता, स्टॅटिनला 'केमिकल' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी: हे औषधही बुरशीतून आलंय. जपानच्या अकिरा एंडो यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासले, आणि पहिलं स्टॅटिन सापडलं ते क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत.

४. नवं दुखणं कुणाचं, हे ओळखायला शिकावं.

स्टॅटिन सुरू केलं की अंग दुखतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आमच्यासारख्यांचं अंग आधीच दुखत असतं, त्यामुळे वहीम लगेच गोळीवर जातो. माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांनी फरक समजावला तो असा. संधिवाताचं दुखणं पेरांत, मनगटांत, तळपायांच्या पुढच्या भागात असतं. तिथं सूज दिसते, आणि सकाळचा ताठरपणा तास-तासभर हटत नाही. स्टॅटिनचं दुखणं मोठ्या स्नायूंत येतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखं. शंका आली तर सीपीके नावाची रक्ततपासणी आहे. लघवी काळसर झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लंडनमधला एक प्रयोग मला फार आवडतो. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही. निकाल २०२० मध्ये आला. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास व्हायचा, त्यातला नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीवरही होत होता. दुखणं खरंच होतं, फक्त त्याचा बराचसा भाग गोळी हातात घेण्यातून येत होता. हे वाचल्यापासून मी आधी पेरं तपासते, मग गोळीला दोष द्यायचा की नाही ते पाहते. ग्लासगोच्या २००४ च्या एका छोट्या अभ्यासात तर अॅटोरव्हास्टॅटिननं सांध्यांचा दाहही किंचित कमी झाला होता. त्यावर फार भिस्त ठेवू नये, पण भीती घालवायला तेवढं पुरे.

५. पथ्याचा उपयोग आहे, चमत्कार नाही.

काटेकोर खाण्यानं एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरलं तर पुष्कळ झालं. अॅटोरव्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी पस्तीसच्या पुढे नेते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार जास्त धोका असलेल्यांचं एलडीएल ७० च्या खाली हवं. माझ्यासाठीही डॉक्टरांनी तोच आकडा ठरवलाय, आणि तो नुसत्या दुधीच्या रसानं गाठला जात नाही.

तरीही स्वयंपाकघरात काही बदल झालेच. वरणभातावर साजूक तूप राहिलं, पण चमच्याचा आकार बदलला. (आमच्या घरात यावरून मतदान झालं असतं तर मी हरले असते.) मटकी, मूग, घेवडा वाढले. मासे आमच्याकडे शिजत नाहीत, म्हणून जवसाची चटणी रोजची झाली. माशांची जागा ती पूर्ण भरून काढत नाही हे ठाऊक आहे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली खरी, पण घट्ट चरबी ती घट्टच, तेव्हा खारी आणि नानकटाई पाहुण्यांपुरती. सगळ्यात अवघड चातुर्मास. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याच्या खिचडीत लोक शेंगदाण्याला बोल लावतात, पण तो बिचारा बरा असतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तो ट्रायग्लिसराइड चढवतो.

६. वेदनाशामक गोळी ही काही पेपरमिंट नव्हे.

डायक्लोफिनॅक ही आमच्या पिढीची लाडकी. जनावरांना दिलेल्या याच औषधानं देशातली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. माणसांत ते रक्तदाब वाढवतं आणि हृदयविकाराचा धोकाही. स्टिरॉइडनं साखर आणि चरबी दोन्ही वाढतात. पण यावरून स्टिरॉइड मनानं बंद करू नये, एकदम तोडलं तर भलतंच होतं. सर्वांत चांगलं वेदनाशामक म्हणजे मूळ आजार आटोक्यात ठेवणारं औषध.

त्यातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोलेस्टेरॉललाही थोडी मदत करतं. २०२० च्या मार्चमध्ये करोनावरचं औषध म्हणून लोकांनी तेच घरात भरून ठेवलं, आणि आम्ही जन्माची गिऱ्हाइकं टिळक रोडपासून कुमठेकर रोडपर्यंत दुकानांच्या पायऱ्या झिजवत होतो. तेव्हापासून एक महिन्याचा साठा घरी असतोच.

७. चालायचं, पण पेठेतल्या फूटपाथवर नाही.

फरशी कुठं उचकटलेली, कुठं स्कूटर लावलेली. सुजल्या पावलांनी तिथं चालणं म्हणजे अस्थितज्ज्ञाला आमंत्रण. सकाळचा ताठरपणा गेल्यावर, ऊन चढण्याआधी सारसबाग. पाय अगदीच रुसले तर घरात खुर्चीतून उठ-बस, हातांचा आधार न घेता. झडलेले स्नायू त्यानं थोडे परत येतात. पर्वतीच्या पायऱ्या तिच्या भक्तांना लखलाभ.

८. घसा बसला म्हणून लिहून दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन अॅटोरव्हास्टॅटिनशी भांडतं. संधिवाताच्या गोळ्या चालू असताना तापासाठी कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी चालू औषधांची यादी पुढे करावी.

९. दोन गोळ्यांचे दोन डबे.

स्टॅटिन रोज एक. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, आणि हे चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर किंवा पांढऱ्या, चष्मा नसेल तर जुळ्या. म्हणून माझ्या मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर सूनबाईनं लाल मार्करनं 'फक्त रविवार' लिहिलंय, आणि ते पाकीट औषधांच्या डब्यात नाही, देवघराशेजारच्या कपाटात असतं. सोमवारी फॉलिक अॅसिड, डॉक्टरांनी सांगितलं तसं. यकृताची एसजीपीटी तपासणी मेथोट्रेक्सेटसाठी ठरावीक महिन्यांनी करावीच लागते. त्याच सुईत लिपिड उरकून घेते, आणि अहवालाच्या दोन प्रती काढते, एक संधिवाताच्या डॉक्टरांना, एक हृदयाच्या. पॅथॉलॉजीतला मुलगा आता मला पाहिलं की न विचारता दुसरी प्रत काढायला लागतो.